ट्रिब्यूट टू अ बॅड मॅन (१९५६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वेस्टर्न चित्रपटांचा विषय निघाला की मी या चित्रपटाचं नाव घेतो, आणि बहुतेक वेळा समोरच्याने ते ऐकलेलंच नसतं. जॉन वेनचे चित्रपट पाठ असलेली माणसंही थबकतात. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुधा हेच असतात. शेवट कुठेही फोडलेला नाही, त्यामुळे आधी वाचून मग पाहायला हरकत नाही.

हा चित्रपट नेमका कोणता?

हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने १९५६ साली काढलेला रंगीत, सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा वेस्टर्न. लांबी जेमतेम ९५ मिनिटं. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे ज्यांनी पुढे 'द साउंड ऑफ म्युझिक' केला तेच. मुख्य भूमिकेत जेम्स कॅग्नी. नावाचा अर्थ साधारण 'एका वाईट माणसाला मानवंदना' असा होईल.

मूळ कथा जॅक शेफरची. 'शेन' ही गाजलेली कादंबरी त्याचीच. या कथेचं इंग्रजी नाव मला चित्रपटाच्या नावापेक्षा जास्त आवडतं. मराठीत ते 'फाशी मिळते ती नशीबवानांना' असं काहीसं होईल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

गोष्ट काय आहे?

१८७० च्या दशकातला वायोमिंग प्रदेश. पेनसिल्व्हेनियात किराणा दुकानात काम करणारा स्टीव्ह मिलर नावाचा पोरगा काउबॉय व्हायचं स्वप्न घेऊन पश्चिमेला येतो. वाटेत त्याला एक माणूस घोडेचोरांच्या गोळीने जखमी झालेला सापडतो. हा जेरेमी रॉडॉक, त्या मुलखातला घोड्यांचा मोठा मालक. स्टीव्ह त्याचा जीव वाचवतो, रॉडॉक त्याला नोकरी देतो, आणि त्या पोराच्या नजरेतून आपण रॉडॉकचं घर, त्याची माणसं आणि त्याचा कायदा पाहतो.

कायदा एवढाच, की माझा घोडा चोरणारा सापडला तर जवळच्या झाडाला लटकणार. कोर्ट नाही, पंच नाही, उशीर नाही.

घरात जोकास्टा आहे, रॉडॉकने शायेन शहरातल्या नाचगाण्याच्या अड्ड्यातून आणलेली ग्रीक बाई. मॅकनल्टी हा त्याचा घोड्यांवरचा हुशार माणूस, पण जोकास्टावर डोळा ठेवून असलेला. पीटरसन म्हणजे जुना भागीदार, आता दुरावलेला, आणि त्याचा मुलगा लार्स रॉडॉकवर मनापासून जळणारा. एवढ्या माणसांत हा चित्रपट घडतो.

रॉडॉकसारख्या मालकाला 'रँचर' म्हणतात. म्हणजे शेतकरी की जमीनदार?

दोन्ही नाही. शेतकरी म्हणावं तर तो काही पेरत नाही, जमीनदार म्हणावं तर त्याच्याकडे कुळं नाहीत. रॉडॉककडे कुरण आहे, कुरणावर कळप आहे, आणि कळप राखायला पगारी स्वार आहेत. मराठीत मला याला नीट शब्द सापडलेला नाही, म्हणून मी रँचरच म्हणतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या, रॉडॉक गुरांचा नव्हे, घोड्यांचा रँचर आहे. वेस्टर्नमध्ये हे तसं विरळा. गुरं खाण्यासाठी पाळतात, त्यांची मोजणी डोक्यावर होते. घोड्याला नाव असतं, चाल असते, स्वभाव असतो, कोणाची शिंगरं हेही माहीत असतं. रॉडॉकने आयुष्यभर हे वाण जपलं आहे. त्याच्या घोड्याला हात लावला की त्याच्या घरात हात घातल्यासारखं त्याला का वाटतं, ते यातून कळतं.

घोडा चोरला म्हणून थेट फाशी? हे खरंच होत असे, की सिनेमावाल्यांची अतिशयोक्ती?

होत असे. आणि त्यामागे एक साधं गणित होतं. त्या उघड्या माळावर माणसाचा घोडा गेला म्हणजे पाणी, निवारा, दुसरी वस्ती सगळंच हाताबाहेर गेलं. पायी सोडलेला माणूस मरू शकत होता. म्हणून घोडेचोरी ही नुसती चोरी मानली जात नव्हती, जिवावर उठणं मानलं जात होतं. वायोमिंगला राज्याचा दर्जा १८९० साली मिळाला. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं, एवढ्या मोठ्या मुलखात शेरीफ आणि न्यायाधीश हाकेच्या अंतरावर कुठून असणार?

पण याची दुसरी बाजूही खरी आहे. कायदा लांब आहे ही सबब बड्या मालकांना फार सोयीची पडली. जुलै १८८९ मध्ये वायोमिंगच्याच स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात एला वॉटसन आणि जिम ॲव्हरल या दोघांना बड्या गुरेवाल्यांनी चोरीचा आळ घेऊन झाडाला लटकवलं. कोणालाही शिक्षा झाली नाही. १८९२ साली तर जॉन्सन काउंटीत बड्या मालकांनी भाडोत्री बंदूकधारी आणून लहान रँचरांवर चालच केली, शेवटी लष्कराला मध्ये पडावं लागलं.

चित्रपटाची गोष्ट या घटनांच्या आधीची आणि काल्पनिक आहे. पण मला वाटतं, रॉडॉककडे बघताना हे दोन्ही डोक्यात हवं: त्याला खरोखर कायदा जवळ नाही, आणि तो जवळ नसणं त्याला आवडतंही.

तुम्ही ज्या 'खुरांच्या प्रसंगा'बद्दल नेहमी बोलता तो काय आहे?

हा चित्रपटाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

चोर रॉडॉकच्या घोड्या पळवतात, पिल्लांसकट. पण घोडी आपल्या ओळखीच्या कुरणाची वाट विसरत नाही, मोकळी सोडली की परत फिरते. तिने परत फिरू नये म्हणून हे लोक तिचे खूर पार जिवापर्यंत तासतात. दोरी नको, कुंपण नको. प्रत्येक पाऊल आगीवर टाकल्यासारखं, त्यामुळे जनावर आहे तिथेच उभं राहतं.

माझ्या आजोबांचा टांगा होता. नालबंद घरी यायचा तेव्हा मी अगदी जवळ बसून बघायचो. घोड्याचा पाय दोन गुडघ्यांत धरून तो आधी जुनी नाल उपसायचा, मग वाढलेलं नख कापायचा, मग कानस. नखाच्या पांढरट चकत्या जमिनीवर पडायच्या आणि आमचं कुत्रं त्या उचलून पळायचं. घोडा डोळे अर्धे मिटून उभा असायचा, त्याला काही कळायचंसुद्धा नाही. आजोबा मात्र शेजारी उभे राहून एकच गोष्ट बघत असायचे. "बाहेरचं नख मेलेलं असतं," ते म्हणायचे, "आत जीव असतो. तिथे थांबायचं." एकदा घाईत जरा जास्त कापलं गेलं, बोटभर जागेत लाली दिसली, आणि तो घोडा चार दिवस टांग्याला जुंपला नाही. चार दिवसांची कमाई गेली तरी आजोबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यामुळे पडद्यावर त्या घोड्या लंगडताना पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आणि त्या क्षणी मी पूर्णपणे रॉडॉकच्या बाजूचा झालो. लटकव त्यांना, असं मनात आलं. दिग्दर्शकाला आपल्याकडून नेमकं हेच हवं आहे.

कारण रॉडॉक त्यांना लटकवत नाही. तो त्यांना बूट काढायला लावतो आणि अनवाणी चालवतो. दगड, काटे, तापलेली जमीन, मैलोन् मैल. स्वतः घोड्यावर. घोड्यांना जे सोसावं लागलं ते तुम्हीही सोसा, असा हा हिशोब आहे. फाशी मिळते ती नशीबवानांना, हे नाव इथे उलगडतं. दोराने काम क्षणात संपतं, ही शिक्षा संपतच नाही.

सुरुवातीला हा न्याय अगदी चोख वाटतो. मग पहिला माणूस अडखळतो. मग दुसरा रांगायला लागतो. वाइज कॅमेरा वळवत नाही, घाई करत नाही. तुम्ही खुर्चीत बसून जी शिक्षा मागितली होती ती तुम्हाला पूर्ण बघायला लावतो. आणि हळूहळू तुमची नजर चालणाऱ्यांवरून निघून घोड्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे जाते. एवढं झाल्यावर हा माणूस घरी कसा जाणार, जेवायला कसा बसणार, हा प्रश्न पडतो. पुढे काय होतं ते सांगत नाही.

म्हणजे रॉडॉक खलनायक आहे का?

नाही. पण नावातला 'वाईट माणूस' तोच आहे, आणि ते नाव खोटं नाही.

रॉडॉकची माया आणि त्याचं क्रौर्य एकाच ठिकाणाहून येतात, हे मला या चित्रपटाचं सगळ्यात मोठं यश वाटतं. इतर चित्रपटांत कठोर माणसाला एक हळवा कोपरा दिलेला असतो, म्हणजे प्रेक्षकाची सोय होते. इथे तसे दोन कप्पे नाहीत. जे आपलं मानलं त्याला तो जिवापाड जपतो, आणि म्हणूनच त्याला धक्का लावणाऱ्याचा जीव घेतो. घोड्यांवरचं प्रेम कमी असतं तर तो इतका निर्दय झाला नसता. हे पाहताना मला आपल्याकडचे कितीतरी करारी वडीलधारे आठवतात. त्यांच्या धाकात घर उभं राहिलं आणि त्याच धाकात घरातलं कोणी ना कोणी आयुष्यभर मिटून राहिलं.

जोकास्टाला नुसतं प्रेमकथेपुरतं घेतलं आहे का?

मुळीच नाही. आयरीन पापास या ग्रीक अभिनेत्रीचा हा पहिला अमेरिकी चित्रपट. पुढे तिने 'अँटिगनी', 'इलेक्ट्रा' या ग्रीक शोकांतिकांवरच्या चित्रपटांत केलेली कामं जगभर नावाजली गेली. ती कुवत इथेही दिसते. पात्राचं नावसुद्धा थेट शोकांतिकेतलं, जोकास्टा.

ती रॉडॉकच्या घरात राहते, पण त्याची लग्नाची बायको नाही. १९५६ च्या हॉलिवूडमध्ये हे इतकं सरळ दाखवणं सोपं नव्हतं. तिने आयुष्य पाहिलेलं आहे, आणि आपल्याला कुठून बाहेर काढलं गेलं ते ती विसरलेली नाही. रॉडॉकचं तिच्यावर प्रेम आहे, पण तिच्यावरही त्याची मालकीची नजर आहे, आणि संशयही. ती त्याला घाबरून गप्प बसत नाही. माणसं लटकवून लटकवून तुझं काय होत चाललं आहे, हे त्याला तोंडावर सांगणारी त्या घरात ती एकटीच आहे.

रडणं, ओरडणं तिच्याकडे फार कमी आहे. पापास नुसती उभी राहते, ताठ, त्या काळ्याभोर भुवया आणि संथ नजर घेऊन, आणि तिच्यापुढे कॅग्नीसारखा नट बोलता बोलता अडतो. माझ्या मते या दोघांचे प्रसंग हा चित्रपटाचा दुसरा गाभा.

कॅग्नी तर गुंडांच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध. तो वेस्टर्नमध्ये शोभतो का?

लोकांना ही शंका तेव्हाही होती. न्यूयॉर्कच्या गल्लीत वाढलेला, बुटका, भरभर बोलणारा नट. त्याने उभ्या कारकिर्दीत तीनच वेस्टर्न केले: १९३९, १९५५ आणि हा १९५६ चा.

पण त्याचा मूळ पिंड नाचणाऱ्याचा होता, हे विसरू नका. त्याला ऑस्कर मिळालं ते गुंडाच्या भूमिकेसाठी नव्हे, 'यांकी डूडल डँडी' या संगीतपटातल्या नाचगाण्याच्या भूमिकेसाठी. त्याचं शरीर बोलतं. इथे तो पंचावन्न ओलांडलेला आहे, अंगाने भरलेला आहे, पण पाऊल टाकण्यात अजून तो झपाटा आहे. घोड्यांच्या आवारात उभा राहिला की आजूबाजूचे उंचनिंच स्वार आपोआप अंग चोरतात.

शिवाय घोडे त्याला खरोखर कळत होते. कॅग्नी शेतीवेडा होता, स्वतःच्या फार्मवर मॉर्गन जातीचे घोडे वाढवायचा. घोड्याच्या मानेवर हात ठेवताना त्याला अभिनय करावा लागलेला नाही, हे ज्याने घोडे पाळलेत त्याला लगेच ओळखू येईल.

ही भूमिका आधी स्पेन्सर ट्रेसीची होती, हे खरं का?

खरं. १९५५ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोत मॉन्ट्रोजजवळच्या डोंगरांत चित्रीकरण सुरू झालं तेव्हा रॉडॉक होता ट्रेसी. रँचचा सेट समुद्रसपाटीपासून साधारण ८,००० फुटांवर बांधलेला. ट्रेसीला ती उंची सोसवेना, सेट खाली हलवा असं त्याचं म्हणणं पडलं, मधले काही दिवस तो आलाच नाही. शेवटी एमजीएमने त्याला काढलं. १९३५ पासूनचं, वीस वर्षांचं नातं असं तुटलं.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक वाईट गोष्ट घडली. स्टीव्हची भूमिका रॉबर्ट फ्रान्सिस हा तरुण नट करणार होता. ३१ जुलै १९५५ रोजी विमान अपघातात तो गेला. वय अवघं २५. त्याच्या जागी डॉन डबिन्स आला.

ट्रेसीने केला असता तर कसा झाला असता, हा विचार माझ्याही मनात येतो. ट्रेसीचा रॉडॉक डोंगरासारखा स्थिर झाला असता. कॅग्नीचा रॉडॉक निखाऱ्यासारखा आहे, वरून राख, आत धग. अनवाणी चालीच्या प्रसंगाला मला हा निखाराच हवा.

मोठ्या पडद्यावर पाहायलाच हवा का?

जमलं तर जरूर. छायाचित्रण रॉबर्ट सर्टीसचं, संगीत मिक्लोश रोझाचं, निर्माता सॅम झिम्बालिस्ट. याच तिघांनी तीन वर्षांनी 'बेन-हर' उभा केला. सर्टीस आणि रोझा या दोघांनाही त्यासाठी ऑस्कर मिळालं. झिम्बालिस्ट मात्र ते बघायला उरला नव्हता, 'बेन-हर'चं काम चालू असतानाच रोममध्ये त्याचं निधन झालं.

सर्टीसने सिनेमास्कोपची रुंदी वाया घालवलेली नाही. हिरवी दरी, मागे डोंगर, मध्ये पळणारा कळप. एवढ्या मोठ्या चौकटीत माणसं लहान दिसतात आणि त्यांचा एकटेपणा आपोआप कळतो. मोबाइलवर हे सगळं जातं. निदान टीव्हीवर पाहा, आणि कडा कापलेली जुनी चौकोनी प्रत मिळाली तर ती सोडून द्या.

यात उणं काहीच नाही का?

आहे. डबिन्स चांगला मुलगा वाटतो, पण कॅग्नी आणि पापास यांच्या मध्ये उभा राहिला की फिका पडतो. त्याचं जोकास्टावर जीव जडणं पटतं, तिने त्याचा विचार करणं तितकंसं पटत नाही. स्टीव्हच्या आवाजातलं निवेदनही काही ठिकाणी जास्त होतं, डोळ्यांनी दिसलेलं कानांनी पुन्हा ऐकावं लागतं.

मग हा विसरला का गेला?

माझा अंदाज सांगतो. एक तर १९५६ हे साल. त्याच वर्षी जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' आला, आणि पुढे कठोर, सूडाने पेटलेल्या माणसाचा वेस्टर्न म्हटलं की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवू लागले. दुसरं, रॉबर्ट वाइजचं नाव संगीतपटांशी कायमचं जोडलं गेलं. त्याने तीनच वेस्टर्न केले, आणि तिन्ही त्याच्या यादीत तळाला गेले. तिसरं, चित्रपटाबद्दल जिथे लिहिलं जातं तिथे ट्रेसीच्या भांडणाचाच किस्सा रंगवला जातो आणि पडद्यावर काय आहे ते राहून जातं.

आणि कदाचित चित्रपटाचा आवाजच लहान आहे. शेवटी मोठी गोळीबाराची लढाई हवी असणाऱ्याला इथे फारसं काही मिळत नाही.

मराठी माणसाला या मुलखाशी काय देणंघेणं?

आपल्यापैकी पुष्कळांना अमेरिकेच्या सरहद्दीवरचं जगणं पहिल्यांदा भेटलं ते सिनेमात नव्हे, जी. ए. कुलकर्णींच्या अनुवादांत. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी 'रान', 'शिवार', 'गाव' म्हणून मराठीत आणल्या. कायदा पोहोचण्याआधी जमिनीवर पोहोचलेली माणसं, त्यांचा हट्ट, त्यांचं मुकं दुःख हे त्या वाचणाऱ्याला परकं नाही. रिक्टरच्याच एका कादंबरीवर १९४७ साली निघालेल्या चित्रपटात कुरणावर हक्क सांगणाऱ्या हट्टी रँचरचं काम स्पेन्सर ट्रेसीने केलं होतं. 'रान' आवडलेल्या माणसाला मी 'ट्रिब्यूट टू अ बॅड मॅन' डोळे झाकून सुचवतो.

मुलांबरोबर पाहावा का?

दहा-बारा वर्षांपुढची असतील तर हो, पण शेजारी बसून. रक्त फार नाही, मात्र फाशी आहे, आणि घोड्यांचा प्रसंग त्यांना रडवेल. माझ्या पुतणीने मध्येच विचारलं होतं, "काका, तो त्यांना पाणी का देत नाही?" मी काही उत्तर दिलं नाही. ती पुढचं सगळं पडद्याला चिकटून बघत राहिली.

दुसऱ्यांदा पाहताना कशाकडे लक्ष देऊ?

मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांकडे. रॉडॉकच्या स्वारांत ली व्हॅन क्लीफ आहे. दहा वर्षांनी इटालियन वेस्टर्नमध्ये ज्याच्या नुसत्या नजरेने माणसं गारठायची तोच हा, इथे साधा पगारी गडी. लार्सच्या कामात विक मॉरो आहे, अगदी तरुण, सगळा राग जबड्यात धरून बसलेला.

आणि पायांकडे. पहिल्यांदा पाहताना डोळे चेहऱ्यांवर असतात. दुसऱ्यांदा नुसते पाय पाहा: स्टीव्हचे शहरी बूट, जोकास्टाची घरातली पावलं, घोड्यांचे खूर, मग त्या चोरांचे उघडे तळवे, आणि त्यांच्या शेजारी रिकिबीत घट्ट रोवलेला रॉडॉकचा बूट.